ढिली घटका

टिटवीने पुन्हा साटोऱ्या मागवल्या, तेव्हा शेडमधल्या बायकांनी लाटणी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

शेड सन्मती मगदूमच्या घरामागे होतं, जयसिंगपुरात. पत्र्याचं, लांबट, उन्हाळ्यात तापून निघणारं. एका कोपऱ्यात खवा परतायची कढई, मधे लाटायच्या बायका आणि समोरच्या भिंतीवर पडदा. पडद्यावर पाखरं दिसायची. गिऱ्हाइकाचं नावगाव विक्रेत्याला कळता कामा नये, असा कायदा झाल्यापासून ‘सोबत’ नावाचं ते सॉफ्टवेअर प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेका पाखराचं नाव देऊन मोकळं होई. डब्यावर पत्त्याच्या जागी नुसती चौकोनी खूण छापून यायची आणि ती डबे पोचवणाऱ्यांच्या यंत्रालाच वाचता यायची. सन्मतीला एवढंच दिसे, की कोणत्या पाखराने किती डबे घेतले आणि कोणत्या वाक्यावर ते ‘हो’ म्हणालं.

टिटवी सगळ्यांची लाडकी होती. तिच्याइतक्या साटोऱ्या कुणीच खात नव्हतं.

“नवी नवरी असणार,” मालन म्हणाली. “सासूच्या चोरून खात असणार.”

“नवरीला एवढी भूक कुठली? एकटी म्हातारी असंल बघ, मोठ्या घरातली,” इराव्वा म्हणाली.

“एवढं तूप खाऊन म्हातारी जगली असती व्हय?”

सगळ्या हसल्या. सन्मतीही हसली. पुढे कितीतरी दिवस तिला दुसरं काही आठवलं नाही तरी ते हसणं आठवायचं.

‘सोबत’ घेण्याआधी तिने सगळं करून पाहिलं होतं. साटोरीचे फोटो टाकले. साटोरी तुपात सोडतानाचे, ती फुगतानाचे, मोडल्यावर आतला खवा दिसतानाचे व्हिडिओ टाकले. लाइक करा, शेअर करा म्हणून पाहुण्यारावळ्यांच्या मागे लागली, इतकी की लग्नाकार्यात ती दिसली की माणसं फोन खिशात घालायची. दिवाळीला विक्री वाढे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत बसून जाई. तेव्हा तरन्नुम मुजावर तिच्याकडे आली. तरन्नुम पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. आता पापडवाल्या, चपलावाले, अगरबत्तीवाले अशा लहान धंदेवाल्यांना ऑनलाइन माल कसा खपवायचा ते शिकवायची.

“तू जाहिरात बरोबर करतीस,” तरन्नुम म्हणाली, “पण चुकीच्या वेळी करतीस.”

आणि मग तिने ते शास्त्र सांगितलं. गाडी चालवताना माणसाला डुलकी कधी लागते, ते आधीच ओळखता यावं म्हणून काही संशोधक माणसांच्या हाताच्या हालचाली मोजत होते. मोजता मोजता त्यांना भलतंच काही सापडलं. माणूस मन लावून फोन बघत असला की त्याचा अंगठा पायऱ्या उतरल्यासारखा चालतो. थांबतो, उतरतो, पुन्हा थांबतो. पण दिवसातून एखाद्या वेळी, माणूस दमलेला, भुकेजलेला किंवा एकटा पडलेला असला की तो अंगठा नुसता घसरत राहतो. अशा वेळी माणूस जागा असतो, शुद्धीत असतो, पण त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘हो’ म्हणायला मेंदूला काही करावं लागत नाही. ‘नाही’ म्हणायला मात्र कुठून तरी बळ गोळा करावं लागतं आणि नेमकं तेच त्या वेळी संपलेलं असतं.

“म्हणजे दाराशी बसलेला राखणदार चहाला गेलेला असतो,” तरन्नुम म्हणाली. “प्रत्येकाची वेळ वेगळी. पण एकाची वेळ सहसा बदलत नाही. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मी आपली ढिली घटका म्हणते. आपलं यंत्र ती घटका हेरून ठेवतं आणि रोज तेवढ्यातच फोन लावून बोलतं. एरवी गप्प.”

“हे बरोबर हाय का पण?” सन्मतीने विचारलं होतं. आपण विचारलं होतं, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. त्याने काही हलकं झालं नाही.

“कायद्यात बसतंय. आधी सांगावं लागतं, हा आवाज यंत्राचा आहे म्हणून. यंत्र सांगतं.”

यंत्र सांगायचं खरं, पण बसमधला कंडक्टर पुढच्या थांब्याचं नाव पुटपुटतो तसं.

आता यंत्राला आवाज हवा होता आणि बोलायची एक ढब हवी होती. लहान धंद्याची जाहिरात जाहिरातीसारखी वाटली की ती मेली, असं तरन्नुमचं म्हणणं. आवाज सन्मतीने स्वतःचा दिला. ढब दिली आईची.

आता हयात नसलेली आई, अंबूताई, माणसांना खाऊ घालण्यात वाकबगार बाई. घर जैनांचं, दिवस मावळल्यावर खायचं नाही असा नेम. त्यामुळे संध्याकाळ जवळ आली की अंबूताईंची लगबग सुरू होई. जेवण झालेल्या माणसालाही त्या सोडत नसत. खिडकीतून आभाळाकडे बघायच्या, ताटात आणखी एक साटोरी टाकायच्या आणि म्हणायच्या, “अजून उजेड आहे. एक घे की.” ते वाक्य सन्मतीने यंत्राला शिकवलं. आईचं रागावणं, लाडात येणं, “चेहरा का उतरलाय रे” म्हणणं, सगळं शिकवलं. डब्यावर नाव छापलं, ‘अंबूताईंच्या साटोऱ्या’.

त्यावरून अण्णाशी वाजलं. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ भरतेश चौगुले. सांगलीत त्याचं भांड्यांचं दुकान होतं. तो डबा हातात घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “आईला बाजारात बसवलीस.”

“तू नाही बसवलंस कुणाला? दुकानाला बापाचं नाव आहे की.”

“बापाचं नाव दारावर आहे. बाप गिऱ्हाइकाच्या कानाशी जाऊन बोलत नाही.”

त्यानंतर दोघं बोलेनाशी झाली. दोघंही त्यात हुशार होती. सणावारी निरोप जायचे ते वहिनींच्या मार्फत.

धंदा मात्र उठला. तरन्नुमने एकदा आकडे बघून नवल केलं होतं, की ह्या भागातली बरीच गिऱ्हाइकं दिवस मावळायच्या सुमाराला ढिली पडतात, असं का? सन्मती म्हणाली होती, “आमचीच माणसं असणार. तोंड बंद व्हायच्या आधी शेवटचं काय ते खाऊन घेत असतील.” तेव्हा ते गमतीत गेलं.

मग तो दिवस आला. सन्मतीचे हात कोपरापर्यंत तुपात होते. पडद्यावर टिटवीचं चित्र आलं आणि त्याखाली मजकूर उमटला. ‘टिटवी दुखण्यात असावी. अंगठ्याचा दाब आणि बसण्याची ढब बदलली आहे. बोलण्यात दुखण्याचा विषय काढू?’ खाली दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नको’.

“अगं बाई, आजारी आहे वाटतं नवरी,” मालन म्हणाली. “विचारा की, ताई. आपल्यातलं माणूस आहे.”

सन्मती क्षणभर थांबली. मग तिला वाटलं, आईनेही विचारलंच असतं. ही विचारपूस आहे. हात तुपाचे होते म्हणून तिने बोटाच्या सांध्याने ‘हो’ दाबलं.

त्या संध्याकाळी टिटवीने नेहमीच्या दुप्पट डबे मागवले.

वहिनींचा फोन आला तेव्हा सन्मतीला आधी वाटलं, सणाचा निरोप असेल. पद्मजा वहिनी नेहमी लांबून सुरुवात करायच्या, हवापाण्यापासून. ह्या वेळी केली नाही.

“वन्सं, मिरजेला या. ह्यांना ॲडमिट केलंय. पायाचं बोट काढलं.”

“काय झालं?”

“साखर. दंडावरची साखर मोजायची चकती काढून गल्ल्यात ठेवली होती ह्यांनी. म्हणायचे, खाजतंय. पायाला जखम झालेली, ती कुणाला दाखवली नाही.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी तिला बाजूला घेऊन गेल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “दुकानात कुकरच्या खोक्यांमागं रिकामे डबे सापडले. ढीग. सगळे आईंच्या नावाचे. मला आधी बरं वाटलं बघा. वाटलं, भांडण मिटवायला तुम्हीच पाठवताय.”

सन्मतीला बसायला हवं होतं. बाकड्यावर कुणाची तरी पिशवी होती, ती सरकवायचंही तिला सुचलं नाही.

वहिनी औषधं आणायला खाली गेल्या. अण्णा झोपला होता. चेहरा लहान झालेला, दाढी वाढलेली, पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला. खिडकीतून तिरपं, पिवळं ऊन त्याच्या चादरीवर येऊन थांबलं होतं. तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन ठरल्या वेळेला आपोआप बोलायला लागला.

आधी ते यंत्राबद्दलचं वाक्य पुटपुटलं गेलं. मग सन्मतीचा आवाज आला.

“काय रे बाबा, पाय लई दुखतोय का आज? दुखत्या माणसानं उपाशी राहू नये. अजून उजेड आहे. एक घे की.”

हे वाक्य ती आयुष्यात बोलली नव्हती. ती तोंड मिटून खुर्चीत बसली होती आणि तिचा आवाज तिच्या भावाला साखर खायला सांगत होता. पाय दुखतो हे यंत्राला अण्णानेच कधीतरी सांगितलं असणार, कारण यंत्राने विचारलं होतं. ‘रे’ म्हटलेलं त्याला आवडतं, हेही त्याने हेरलं असणार. बाकीच्यांना ते ‘अहो’ म्हणायचं.

अण्णाने डोळे उघडले. आधी फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“दोघी एकदम बोलू नका,” तो म्हणाला.

तिने फोन बंद केला.

“तुला ठाऊक होतं?”

“आवाज तुझा, बोलणं आईचं. न कळायला मी काय बहिरा आहे?”

“मग मागवत का होतास? तुला साखर आहे, अण्णा.”

अण्णाने पायाकडे बघितलं. “नाही मागवलं की आटपतं घेतंय ते. मागवलं की चार वाक्यं जास्त बोलतंय. दुकान कसं चाललंय, झोप लागली का, असं काय काय. मला साटोऱ्या नको होत्या गं. पण दुकानात आल्यावर टाकवतात व्हय? आईचं नाव आहे वर.”

“मला फोन करायचा होतास.”

“तू करायचा होतास.”

शेजारच्या खाटेवरचा माणूस उगाच छताकडे बघत होता.

“यंत्राचा दोष नाही त्यात,” अण्णा म्हणाला. “पायाची चौकशी त्यानंच पहिल्यांदा केली. घरात मी कुणाला सांगितलंच नव्हतं.”

सन्मतीने साडीच्या पदरात हात गुंडाळून घेतला. बोटाचा तो सांधा कुणाला दिसेल, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती तरन्नुमकडे गेली. “टिटवीला काढ.”

“काढते. एवढंच ना?” तरन्नुमने काढलं. टिटवी पडद्यावरून गेली. तिच्या जागी बुलबुल सरकला.

सन्मती बुलबुलाकडे बघत राहिली. “ह्याची साखर किती असंल?”

“ते आपल्याला दिसत नाही.”

“यंत्राला?”

“यंत्र साखर बघत नाही. यंत्र ‘हो’ बघतं.” तरन्नुम खुर्ची ओढून समोर बसली. “हे बघ, हलवाई काय रक्त तपासून पेढे देतो? भाऊ निघाला म्हणून तुला लागलं. लागणारच. पण सगळी पाखरं काय तुझे भाऊ नाहीत.”

“हलवाई दुकानात बसतो, तरन्नुम. गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं. मी राखणदार चहाला गेलेला बघून आत शिरतीय.”

“मग बाकीचं बघ. तुझ्या त्या बायकांचं बघ.”

सन्मतीने बघितलं. बघूनच तिने ‘सोबत’ला ढिली घटका हेरायचं बंद करायला सांगितलं, एका टिटवीपुरतं नाही, सगळ्यांसाठी. आता जाहिरात सकाळी जायची, माणसं राखणीत असताना, आणि माणसं आरामात नको म्हणायची. महिन्याभरात शेडमधलं अर्धं काम उतरलं. इराव्वा दुसरीकडे चपात्या लाटायला जाऊ लागली. मालन एक दिवस आड यायची. ती म्हणाली, “माणसं आपल्या मनानं खात होती, ताई. तुम्ही काय कुणाच्या तोंडात कोंबलं होतं?” तिला काय सांगणार? चांगलं वागण्याचीही शिक्षा दुसऱ्यालाच भरावी लागते, हे सन्मतीला नव्याने कळत होतं आणि त्याने आधीची टोचणी कमी होत नव्हती, नुसती शेजारी दुसरी येऊन बसत होती.

अण्णा घरी आला होता. बरा होईल असं डॉक्टर म्हणत होते, पथ्य पाळलं तर. नाही पाळलं तर पाऊल जाईल, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. सन्मती मनातल्या मनात म्हणत होती, निदान माझ्याकडून तरी आता काही जात नाही त्याच्या पोटात.

मग वहिनींचा फोन आला.

“वन्सं, आता पेढे येतात.”

“कुठले पेढे?”

“कुणी दुसरीच बाई बोलते फोनवर. संध्याकाळी, तुमच्याच वेळेला. गोड बोलते. राग मानू नका, तुमच्यापेक्षा गोड बोलते. काल फोन काढून घेतला हातातून, तर जेवलेच नाहीत. मी काय तान्हं बाळ आहे का म्हणाले.”

तरन्नुमला ह्याचं नवल वाटलं नाही. “घटका रिकामी पडली की कुणीतरी उचलतंच. तू सोडलीस, पेढेवाल्यानं घेतली. त्यानं सोडली तर विम्यावाला घेईल.”

“ह्यावर उपाय काय?”

“फोन फेकून देणं. किंवा...” तरन्नुमने डोकं खाजवलं. “ह्या यंत्रांना वेळ थोडा असतो. तेवढ्यात लाइन लागली नाही की ती पुढच्या माणसाकडे जातात. सारखं असंच झालं तर नाद सोडतात.”

“लाइन लागली नाही म्हणजे?”

“म्हणजे बिझी असली.”

त्या संध्याकाळी सन्मतीने शेडच्या पायरीवर बसून भावाला फोन लावला.

“जेवलास?”

“जेवलो.”

“पाय?”

“आहे जागेवर.”

झालं. विषय संपले. यंत्राला कधी विषय कमी पडले नव्हते. तिला दोन मिनिटांत घाम फुटला. ऊन अजून पत्र्यावर होतं आणि फोन ठेवला की पेढेवाली आत शिरणार होती. म्हणून ती काहीबाही बोलत राहिली. वाल्व्ह उडालेल्या कुकरचं बोलली, बेळगावच्या आत्याच्या नवऱ्याच्या घोरण्याचं बोलली. लहानपणी मांजराचं पिल्लू कुणी घरात आणलं आणि मार कुणी खाल्ला, त्यावरून चांगलं कडाक्याचं भांडण झालं. भांडण बरं पडलं, त्यात वेळ छान जायचा. हळूहळू अण्णाही फोनची वाट बघायला लागला असावा, कारण पहिल्याच घंटेला उचलायचा. पेढे यायचे थांबले. जखम भरत आल्याचं वहिनींनी सांगितलं.

“एक विचारू?” अण्णा एकदा म्हणाला. “बरोबर ह्याच वेळेला कसा फोन करतीस?”

तिने सांगितलं. अंगठ्याचं, घटकेचं, बिझी लाइनचं. तो मोठ्यांदा हसला. ते हसणं तिने फार दिवसांनी ऐकलं.

“म्हणजे तू काय दारात आडवी झोपलीस म्हण की.”

“तसंच.”

“पण एक सांगू? तुझं ते यंत्र बरं होतं गं. पायाचं आपणहून विचारायचं. त्याला कुणी शिकवलं नसताना.”

इथे ती गप्प बसली असती तर चाललं असतं. जखम भरत होती, भाऊ हसत होता. सन्मतीने आजवर आयुष्यात ज्या गोष्टी चालून जातात त्या चालू दिल्या होत्या. पण तो यंत्राचे आभार मानत होता आणि ते तिला ऐकवेना.

“आपणहून नाही विचारलं त्यानं,” ती म्हणाली. “आधी मला विचारलं होतं. हे माणूस दुखण्यात आहे, त्यावर बोलू का म्हणून. मी हो म्हटलं. त्या दिवशी तू दुप्पट डबे मागवलेस. आम्ही टाळ्या वाजवल्या.”

ती पायरीवरून उठून उभी राहिली.

“मला माहीत नव्हतं, अण्णा, तू आहेस म्हणून.”

“आणि मी नसतो तर?”

तो वाट बघत होता, हे तिला ऐकू येत होतं. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. खवा लागला. मालनने कढई उतरवली आणि काही न बोलता घासायला घेतली. फोन करावा तर कोणत्या तोंडाने? न करावा तर ती घटका रिकामी. त्याचा राग आणि त्याचं पाऊल ह्यांत निवड करायची तर अवघड काहीच नव्हतं. तरीही नंबर दाबताना तिला ‘हो’ दाबणारा स्वतःचा हात आठवला.

घंटा वाजत राहिली. पेढेवाली आधी पोचली असेल का? वाजता वाजता ती थांबली. फोन उचलला गेला होता.

“अण्णा?”

काही नाही. नुसता श्वास. मागे कुठेतरी वहिनी भांडी आवरत होत्या.

माफी मागायची तिने ठरवली होती, पण ते शब्द तोंडाशी आले तेव्हा तिला ते यंत्राच्या बोलण्यासारखे वाटले, ऐकणाऱ्याचं मन बघून निवडलेले. म्हणून तिने जे झालं होतं ते सांगायला घेतलं. आज खवा लागला. लक्ष नव्हतं माझं. मालनने कढई घासली, पण तळाचा डाग निघेना, मग तिने चिंच लावली, राख लावली, शेवटी विटेचा तुकडा घेतला. तेवढ्यात शेजारचा दूधवाला आला, म्हणाला, अशी कढई माझ्या बायकोने घासली असती तर मी... आणि मालनने तो तुकडाच उगारला त्याच्यावर.

पत्र्यावरचं ऊन उतरलं होतं. कुंपणापलीकडच्या उसाचा हिरवा रंग काळपट होत चालला होता. ती दम घ्यायला थांबली. पलीकडे इतकी शांतता होती, की तिला वाटलं, त्याने फोन कट्ट्यावर ठेवून दिला असेल, आपण त्याच्या भिंतीशी बोलत असू.

“मग?” अण्णा म्हणाला.